सुगीतलं कुलूप

हौसाबाईने काल भांडी पालथी घालता घालता सांगितलं, "आजी, उद्यापास्नं आठ-धा दिस येनार न्हाई. सुगी लागली."

हौसाबाई माझ्याकडे अकरा वर्षं धुणं-भांडी करते. एरवी ती इथे नगरात एका खोलीत राहते, पण माघ संपत आला की कर्जतकडच्या तिच्या गावी ज्वारी काढायला जाते. मी विचारलं, "घरातले सगळेच जाता का गं?"

"समदे. मालक, ल्योक, सून. इथल्या खोलीला कुलूप, गावाकडच्या घराला बी कुलूप. घरी कोन ऱ्हातंय सुगीत? मांजर बी रानात येतंय आमचं."

ती हसली. मी कोरडा ओटा पुन्हा पुसला.

आणि काल संध्याकाळीच, सई, तुझा फोन यावा हा योग म्हणायचा की काय, मला कळत नाही. तू तिकडे कॅनडात तुझ्या सकाळच्या कॉफीचा कप हातात धरून म्हणालीस, "आजी, मला नोकरी लागली. प्रोबेशन ऑफिसरांच्या हाताखाली. अगदी खालची पायरी आहे, पण तुझीच नोकरी." मागून तुझा भाऊ निषाद ओरडला, "म्हणजे आता हिच्या फ्रिजला पण अनुक्रमणिका लागणार." माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांची तुम्ही दोघं थट्टा करता, ती मला आवडते. मग तू विचारलंस, "काय लक्षात ठेवू, आजी?" मी क्षणभरही न थांबता उत्तर दिलं, "अहवाल स्वच्छ लिहायचा. खाडाखोड नको. तारखा तपासून घ्यायच्या." तू म्हणालीस, "एवढंच?" मी म्हणाले, "एवढंच."

आज सकाळी गच्चीत गेले तर शेजारच्यांनी नवी ज्वारी वाळत घातली होती. वाऱ्यावर तिची कूस उडत होती. ही कणसांची बारीक कूस सहज दिसत नाही, पण मानेवर, मनगटावर बसली की अंग खाजतं, धुतलं तरी जात नाही. मी खाली आले, टेबलाशी बसले आणि हे लिहायला घेतलं.

मी बावीस वर्षांची होते. मिशनच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, आणि त्या काळच्या नगरात अशा मुलीचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या कचेरीत मदतनिसाची जागा निघाली आणि माझ्या अक्षरामुळे ती मला मिळाली. मुलाखत घेणाऱ्यांनी माझा अर्ज उन्हाकडे धरून पाहिला होता, छापलेला आहे की लिहिलेला हे कळावं म्हणून.

परिवीक्षा म्हणजे काय, हे सईला आता कळेल. निषाद, तुला सांगते. एखाद्याने पहिल्यांदाच काही किरकोळ गुन्हा केला, वय लहान असलं, कबुली दिली, तर न्यायाधीश त्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी सोडू शकतात. पण त्याआधी ते आमच्या कचेरीला विचारतात, याला घर आहे का? घरात कोण आहे? त्याची जबाबदारी कोण घेईल? आम्ही गावी जायचं, पाहायचं, माणसांशी बोलायचं आणि अहवाल लिहायचा. माझे साहेब म्हणजे शेख साहेब, सोनईचे, मूळचे शेतकरी घरातले. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "बाई, कायदा कोर्टाला ठाऊक आहे. घर कोर्टाला दिसत नाही. ते आपण दाखवायचं."

एरवी गावी ते स्वतः जात. त्या माघात त्यांच्याकडे आणखी एका तालुक्याचं काम आलं आणि एक प्रकरण त्यांनी माझ्या हाती दिलं. माझं पहिलं.

तिचं नाव कमळ. वय एकोणीस. कर्जतच्या आठवड्याच्या बाजारात एका कापडदुकानातून तिने एक पिवळं लुगडं पदराखाली घेतलं होतं. दुकानाच्या पायरीवरच पकडली गेली. नाकबूल केलं नाही. मी तिला कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि बोटाने भिंतीचा चुना उकरत होती. मी विचारलं, "का घेतलंस?" ती म्हणाली, "पिवळं हुतं." मी वहीत लिहिलं, 'समाधानकारक कारण देत नाही.'

आता वाटतं, याहून समाधानकारक कारण कोणतं असतं?

तिच्या गावी मी एस.टी.ने गेले. तो रस्ता मला अजून आठवतो. दोन्ही बाजूंना ज्वारी, पिकून पांढरी पडलेली, कणसं जड होऊन एकीकडे झुकलेली. काही रानं रिकामी झाली होती, तिथे पेंढ्या आडव्या पडल्या होत्या. खिडकीतून कडब्याचा गोडसर, कोरडा वास येत होता. माणसं पिकात वाकलेली असायची, त्यामुळे नुसत्या पाठी दिसत. मला ते फार सुंदर वाटलं. मी कॉलेजात वाचलेल्या कवितांसारखं वाटलं. त्या पाठी कुणाच्या, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही.

गाव रिकामं होतं. दुपारचे बारा वाजले होते. कोंबड्या, एक बांधलेली शेळी आणि पारावर बसलेला एक म्हातारा. कमळचं घर त्यानेच दाखवलं. पांढऱ्या मातीचं, दोन खणांचं, दाराला कुलूप. आणि कुलपाशेजारी खुंटीला सुतळीने टांगलेली किल्ली.

मी ती किल्ली पाहिली. मला हसू आलं. कुलूप लावायचं आणि किल्ली तिथेच टांगायची. मी वहीत लिहिलं, 'घराबाबत निष्काळजीपणा.'

म्हातारा म्हणाला, "सुगी हाय, बाई. समदी रानात गेल्यात. सांजच्याला या, घर भरल्यालं आसतंय."

"संध्याकाळी मला परतायला गाडी नाही, बाबा."

"मग रानात जा की. ह्ये काय, वढ्याच्या पल्याड. हाक मारली तर ऐकू जातीया."

ओढ्याच्या पलीकडे. मी पाहिलं, वाट चिखलाची नव्हती, काट्यांची होती. माझी साडी फिकी निळी, कोरी होती. पायात टाचेच्या चपला होत्या. शिवाय छापील तक्त्यात 'गृहभेट' असा रकाना होता. रानभेट असा रकाना नव्हता. मी त्याला म्हणाले, "मी घर पाहायला आले आहे." तो म्हणाला, "पाह्यलं की मग. ऱ्हानारी मानसं तिकडं हायती." आणि त्याने तंबाखूची चंची काढली, जणू आमचं बोलणं संपलं.

तक्त्यात दोन भेटींची जागा होती, म्हणून चार दिवसांनी मी पुन्हा गेले. त्याच गाडीने, त्याच वेळी. तेच कुलूप, तीच किल्ली. म्हातारा मला पाहून म्हणाला, "आल्ता का परत? तुमच्या घड्याळाला सुगी ठाऊक न्हाई जनू." मला तो उद्धट वाटला.

तुम्हाला हे कळावं म्हणून सांगते, कारण मला ते नंतर कळलं. ज्वारी उपटायची असते. पहाटे दव असेतो ताटं, म्हणजे तिचे दांडे, नरम असतात, म्हणून उजाडायच्या आत रानात पोचायचं. पानं हाताला कापतात, म्हणून बोटांना चिंध्या बांधायच्या. दिवस वर आला की पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची. मजुरीला ज्वारीच मिळते, वर्षभराची भाकरी त्या पंधरा दिवसांत घरी येते, त्यामुळे चालतं-फिरतं प्रत्येक माणूस रानात. घराला कुलूप असतं ते शेळ्या-कुत्री आत शिरू नयेत म्हणून. आणि किल्ली बाहेर असते ती घरातलं जे कुणी आधी परतेल, त्याला चूल पेटवता यावी म्हणून. सुगीत ज्या घराला कुलूप आहे, ते धडधाकट, कामाचं घर. तिथे माणसं आहेत, म्हणूनच दाराशी कुणी नाही.

हे त्या तालुक्यातल्या सहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. मला नव्हतं. आणि मी विचारलंही नाही, कारण माझ्याकडे बी.ए.ची पदवी होती.

अहवाल मी दोन दिवस लिहिला. चार पानं, कार्बन घालून तीन प्रती. समास सारखा, शब्द ओळीच्या शेवटी कुठेही न तोडलेला. 'दोन स्वतंत्र दिवशी गृहभेट दिली असता घर बंद आढळले. चौकशीस कुटुंबीय उपलब्ध झाले नाहीत. आरोपीची जबाबदारी घेण्यास कुणी पुढे आल्याचे दिसत नाही.' यातला एक शब्दही खोटा नाही. आजही मी हे वाक्य कुठल्याही कोर्टात शपथेवर म्हणू शकेन. लाज वाटते ती याचीच.

शेख साहेब दौऱ्यावरून दमून आले होते. डोळ्यांखाली काळं. त्यांनी विचारलं, "बाई, घर पाहिलंत ना?"

"हो सर. दोनदा गेले."

"कुणी भेटलं?"

"नाही सर."

त्यांनी सही केली आणि पान कारकुनांकडे उंच धरलं. "पाहा. अहवाल असा असतो. एक खोड नाही." बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे कान गरम झाले. त्या कचेरीत पंचवीस वर्षं काम केलेले लोक होते आणि मी महिनाभराची.

त्याच दुपारी ती आली. कमळची आई, पारूबाई.

दाराशी उभी राहिली, आत येईना. शिपाई म्हणाला, "आत जा की मावशे, बाई खात न्हाईत." ती आत आली आणि खुर्ची सोडून जमिनीवर बसली. अंगावर ज्वारीची कूस होती; केसांत, चोळीच्या बाहीवर. दहाही बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन-तीन तांबूस झाल्या होत्या. तिने सांगितलं, पारावरच्या म्हाताऱ्याने निरोप दिला, तालुक्याची बाई दोनदा येऊन गेली म्हणून. म्हणून ती रानातलं काम टाकून आली होती.

"मला काय पुसायचं ते पुसा, बाई. पोरीचा बाप हाय, थोरला भाऊ हाय, चुलता हाय. समद्यांचं आंगठं आनून दिऊ. आमी सांभाळतो तिला. तिनं चूक केली, व्हय. तिच्या मामानं लाल लुगडं घेतल्यालं लगनाला. हिला पिवळं पायजे हुतं. बोलली न्हाई कुनाला. सुगी झाली की लगीन हाय तिचं."

मी तिचं सगळं ऐकलं. माझ्यासमोर टेबलावर तो अहवाल होता. सही झालेला, तीन प्रतींचा, दुसऱ्या दिवशी कोर्टात जायचा. मला फक्त इतकंच करायचं होतं की 'कुणी पुढे आल्याचे दिसत नाही' यावर रेघ मारायची, वर 'आई समक्ष हजर झाली' असं लिहायचं, आणि शेख साहेबांकडून त्या खाडाखोडीशेजारी छोटी सही घ्यायची. ते शेजारच्या खोलीत चहा पीत होते. त्यांच्या कपबशीचा आवाज मला ऐकू येत होता.

मी अहवालाकडे पाहिलं. तो फार सुंदर दिसत होता.

मी म्हणाले, "अहवाल पूर्ण झाला आहे. आता जे सांगायचं ते उद्या कोर्टात सांगा."

"तितं मला बोलू देत्यात का?"

"विचारतील तर बोला."

"बरं," ती म्हणाली. उठताना तिने टेबलाच्या कडेला हात टेकवला नाही. मला वाटलं, रीत म्हणून. नंतर लक्षात आलं, तिच्या बोटांचा डाग कागदावर पडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी कोर्टात तिला कुणी विचारलं नाही. ती मागच्या बाकाशी उभी होती, विचारतील या आशेने सबंध वेळ थोडी पुढे झुकलेली. पिवळं लुगडं वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून, वर चिठ्ठी लावून समोर ठेवलं होतं. न्यायाधीशांनी माझा अहवाल वाचला, कमळकडे पाहिलं, आणि म्हणाले की सोडायची इच्छा असूनही सोडायचं कुणाच्या हवाली, असा प्रश्न आहे. तीन महिने. कमळने भिंत नव्हती म्हणून स्वतःच्या नखाशी काहीतरी उकरल्यासारखं केलं. मी पहिल्या रांगेत बसले होते. उठून उभं राहायला किती वेळ लागतो? मी बसूनच राहिले.

बाहेर पायऱ्यांवर पारूबाईने मला गाठलं. मला वाटलं, आता ही बोलेल, शिव्या देईल. मी पदर सावरून तयार झाले. ती म्हणाली, "बाई, तुमी तरी दोनदा आल्ता. लई लांब हाय आमचं गाव. उन्हाचं कोन येतंय." आणि तिने चिंध्या बांधलेले दोन्ही हात जोडले.

मला आयुष्यात कुणी इतकं कठोर बोललं नाही.

मुलांनो, मी पुढे चौतीस वर्षं त्याच खात्यात होते. परीक्षा दिल्या, अधिकारी झाले. तुमच्या आईला आठवत असेल, सुगीच्या दिवसांत मी घरी उशिरा यायचे, साडीला काटे लागलेले असायचे. रानात बांधावर बसून मी किती अहवाल लिहिले त्याची गणती नाही. घर बंद दिसलं की मी ते कुठे उघडतं याचा शोध घेतला. लोक म्हणत, बाई मन लावून काम करतात. मी काय लावून काम करत होते, हे मला ठाऊक होतं.

शेख साहेब निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. हार, नारळ, फोटो झाल्यावर, रिकाम्या खोलीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मी सोनईचा, बाई. सुगीत घर बंद आढळलं, हे वाचून मला हसू यायला हवं होतं. सुगीत उघडं दिसलं असतं तर चौकशी करावी लागली असती. मी वाचलंच नाही. तुमचं अक्षर पाहत राहिलो."

त्यांनी मला माफ केलं नाही, आणि मी ते मागितलंही नाही. माफ करणं त्यांच्या हातात नव्हतंच.

कमळचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, दुनिया मोठी आहे, माणसं हरवतात. खरं असं आहे की मी विचारलं नाही. ते लग्न झालं की मोडलं, हे कळायला त्या गावचा बस-थांबा पुरेसा होता. त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेले. गाडी तिथे थांबली की मी पर्स उघडून काहीतरी शोधायचे, गाडी सुटेपर्यंत.

काल हौसाबाई निघताना मी तिला विचारलं, "तुझ्या घरी मला यायचं झालं तर कधी येऊ?"

तिला गंमत वाटली. "तुमी? दिस मावळल्यावर या. न्हाईतर सरळ रानात या की, आजी. घरात काय हाय बगन्यासारखं?"

"आणि किल्ली कुठे ठेवतेस?"

"खुंटीला. आनिक कुटं?"

सई, आता हे तुझ्यासाठी. फोनवर मी तुला जे सांगितलं, ते मी आज खोडते आहे. तुझ्याकडे रकाने असतील, संगणकावरचे असतील, आणि ते भरले की पुढचं पान उघडत असेल. तिकडच्या माणसांच्या सुग्या कोणत्या, ती कुठल्या वेळी घराबाहेर असतात, किल्ली कुठे टांगतात, हे मला सांगता येणार नाही. तिथल्या पारावर बसलेल्या माणसाला विचार. तो उद्धट वाटला तर आणखी एकदा विचार. आणि अहवाल पुरा झाल्यावर कुणी दाराशी आलं, तर तो पुरा झालेला नाही असं समज.

हे पत्र मी दोनदा लिहायला घेतलं. पहिल्या खेपेला पारूबाईच्या जागी 'आरोपीची आई' असं लिहून गेले होते, ते खोडलं. कोर्टात मी मागे बसले होते असं लिहिलं होतं, तेही खोडलं. मी पहिल्या रांगेत होते. मग सवयीने नवा कागद घेतला, सगळं स्वच्छ उतरवून तुम्हाला पाठवायला. चार ओळी उतरवल्या आणि हात थांबला. तो कागद मी फाडला. तुम्हाला येतोय तो हाच, रेघा मारलेला, शाई फुटलेला. निषाद, हसू नकोस. सई, हा जपून ठेव.